पूरक वाचन

अप्पा बळवंत चौकात तिसऱ्या दुकानातही
तोच भाव निघाला : तीनशे चाळीस.
मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय का?
दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला,
"ताई, आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नाही."
तेवढ्यात शेजारच्या दुकानातून एक हात आला
आणि न मागताच
सुट्टे पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवून गेला.

स्पर्धा कायद्याचा पेपर एकवीस दिवसांवर.
पिवळं गाइड माझ्याकडे आहे,
वाचताना सगळं कळतं
आणि मिटल्यावर फक्त पिवळेपणा उरतो.
तौसीफ बागवाननं एक तक्ता काढून दिलाय :
करार आहे का? असल्यास आडवा की उभा?
बाण वर, बाण खाली, मध्ये चौकटी.
आई असती तर म्हणाली असती,
स्वेटरचा नमुना छान आहे, किती टाके घालायचे?

गेल्या वर्षी पहिली आलेल्या रेवती कर्णिकच्या नोट्स
मिळतात फक्त लॉ कॉलेज रोडच्या एका बोळात,
एकाच झेरॉक्सवाल्याकडे.
बाहेर पानाला सव्वा रुपया, तिथे दोन.
शिवाय उरलेल्या तीन विषयांचा गठ्ठाही
सोबत घ्यावाच लागतो, सुटं मिळत नाही.
याला कायद्यात काय म्हणतात
ते त्याच नोट्सच्या अकराव्या पानावर आहे.

आणि हे जाडजूड पुस्तक,
दुरुस्तीच्या आधीची आवृत्ती, कणा सुटलेला.
तौसीफ म्हणतो, मेलेला कायदा वाचून काय करणार?
बरोबर आहे त्याचं.
मी ते परत ठेवतच होते,
पण दोनशे बाराव्या पानावर समासात
कुणा स. वि. घोडकेनं हिरव्या शाईत लिहिलं होतं :
'संबंधित बाजार म्हणजे
गिऱ्हाईक जिथवर पायी जाऊ शकतं, तिथवर.'

वेल्ह्याकडच्या आमच्या गावात एकच गिरणी होती.
दादांची.
दुसरी नऊ किलोमीटरवर, मधे खिंड.
त्या वर्षी ग्रामसभेत कोंडाबाई शेडगेचा नवरा
काकांच्या विरुद्ध उठून बोलला,
आणि दुसऱ्या दिवशी दादा तिला म्हणाले,
पट्टा तुटलाय.
पट्टा फिरत होता.
मी ओट्यावर बसून तेराचा पाढा पाठ करत होते,
तेरा सक अठ्ठ्याहत्तर,
पीठ उडत होतं, दादांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.
ती काही बोलली नाही.
चुंबळ नीट केली,
पायलीभर ज्वारी परत डोक्यावर घेतली
आणि खिंडीच्या दिशेला वळली.

वर्चस्व असणं हा गुन्हा नाही,
हे प्रत्येक गाइडात ठळक अक्षरात आहे.
त्याचा गैरवापर हा गुन्हा.
हे वाक्य मला झोपेतही म्हणता येतं.

तीनशे चाळीस दिले. घासाघीस केली नाही.
रात्री घरी फोन लावला,
जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का,
मग विचारलं, दादा, ती कोंडाबाई
महिन्यातून किती वेळा जात असेल हो खिंडीपलीकडे?
पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या थोडा वेळ चालू राहिल्या.
"कोण कोंडाबाई?" दादा म्हणाले.
आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं.
तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रेवतीच्या नोट्सही घेतल्या,
चारही विषयांच्या, दोन रुपयांनी.
पास तर व्हायचंय.
व्याख्या येईल पाच मार्कांना, ती पाठ आहे.

फक्त दोनशे बाराव्या पानावर,
हिरव्या शाईखाली, पेन्सिलीनं लिहून ठेवलं :
नऊ किलोमीटर.
जाताना चढ.