सहा चुका माफ

पुस्तिका पातळ आहे, चर्चमधल्या भजनांच्या वहीपेक्षाही.
मी ती स्वयंपाकघरात वाचते,
बटाटे उकडेपर्यंत एक प्रकरण.
लॉयड खिडकीशी बसलेला.
मार्चपासून त्याचा उजवा हात मांडीवर पडून असतो,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
शब्द ओठांपर्यंत येतात
आणि गिअर न पडलेल्या ट्रकसारखे जागच्या जागी घरघरतात.

एकेचाळीस वर्षं मी उजवीकडच्या सीटवर.
थर्मासचं झाकण काढून दे, नकाशा धर,
हरीण दिसलं की ओरड. एवढंच माझं ड्रायव्हिंग.
माझ्या बाजूनं गव्हाची शेतं मागे जायची,
समोरचा रस्ता त्याचा.

आता त्याचा डावा हात पत्ते धरतो,
नातीनं पुठ्ठा कापून केलेले.
लाल, आठ कोनांचा.
मी म्हणते, थांबायचं.
तो मान हलवतो. नाही.
पूर्ण थांबायचं. चाक गव्हाच्या दाण्याएवढंही पुढे जाता कामा नये.
तो डोळे मिटतो.
म्हणजे बरोबर.

उलटा त्रिकोण. वाट द्यायची.
इथे मी दरवेळी अडते.
चार रस्ते, दोन गाड्या, एकाच क्षणी पोचलेल्या.
आधी उजवीकडचीनं जावं, असं पुस्तिका म्हणते.
आणि त्याच पानावर, खाली, बारीक अक्षरात:
कायदा कुणालाच वाट मिळवून देत नाही,
कुणी सोडायची, तेवढं सांगतो.
हे मी दोनदा वाचलं.
बटाटे बुडाला लागले.

परीक्षा हॅवरला, कोर्टाच्या तळघरात.
बाकावर शेजारी पंधरा वर्षांचा पोरगा, ब्रेडी,
बुटांना शेण, एक पाय सारखा हलतोय.
“कितवी वेळ तुमची?”
“पहिली.”
“माझी तिसरी. स्कूलबस घालवते मला.”
मी हळूच सांगितलं, लाल दिवे लुकलुकले की थांब.
समोरून येत असलास तरी थांब.
उतरलेली पोरं मोजू नकोस,
दिवे विझायची वाट बघ.
काउंटरवरची बाई खाकरली.

तेहतीस प्रश्न. सहा चुका माफ.
लग्नाच्या दिवशी असा एक आकडा
कुणीतरी सांगून ठेवायला हवा होता.

बर्फावर गाडी घसरली तर?
जिकडे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंगही तिकडेच.
हरीण आडवं आलं तर?
ब्रेक दाबा, आपली बाजू सोडू नका.
आरशात न दिसणारी जागा कशी बघाल?

मान वळवून.

उत्तर येत होतं, तरी बोट पडद्यावर टेकेना.
फेब्रुवारीभर त्याच्या हातून कप निसटत होता.
‘मीठ’ म्हणायचं तर तो ‘मंगळवार’ म्हणाला होता एकदा,
आणि आम्ही दोघंही हसलो होतो.
थकला असेल, असं मी म्हटलं.
इतकी जवळ बसून
मी आरशातच बघत राहिले.

माझ्या चार चुका. ब्रेडीच्या बरोब्बर सहा.
त्यानं शेणाच्या बुटांसकट उडी मारली,
आणि माझ्या हातावर टाळी दिली, जोरात, चुरचुरेल अशी.

रस्त्यावर जायचं तर शेजारी परवानावाला माणूस लागतो.
विल्मा शनिवारी येईल, विणकाम घेऊन.
तोवर आमच्या आवारातली खडीची वाट, अर्धा मैल,
आणि उजव्या सीटवर लॉयड,
मांडीवर थर्मास, झाकण त्याच्याकडून निघत नाही.

फाटकाशी ना पाटी, ना दिवा.
दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत एक गाडी नाही.
मी थांबते. पूर्ण.
डावीकडे बघते, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
लॉयड डोळे मिटतो.

मग रिव्हर्स.
मागे बघायला उजव्या खांद्यावरून मान वळवावी लागते,
आणि तिथे,
काच, धूळ, आमचं घर या सगळ्यांच्या आधी,
त्याचा चेहरा.