डाव्या पंखाचं ठिगळ

मानेवाडा रोडवर माझी लॅब आहे, कवळ्यांची.
दिवसभर मी परक्यांचं हसू घासते,
मेणात दात रोवते, प्लास्टर ओतते.
फडताळात चाळीस जबडे
नाव-नंबरासकट वाट बघत असतात.

उमाठेकाकांची वरची कवळी मागच्या दिवाळीत केली.
मे महिन्यात ते पुन्हा आले, नातवाचा दंड धरून,
काखेत खोका. मला वाटलं, कवळी टोचते.
"कवळी झकास आहे व. हे पाह्य."
आत नॅट. अठ्ठेचाळीसात एक.
चौकटींना लटकलेले करडे तुकडे,
रिटायर झाले त्या साली घेतलेले.
खोका उघडेपर्यंत डोळ्यांत काचबिंदू शिरला.
"तुह्या हातात बारीक काम आहे.
मले आता फक्त सांगता येते."

मग रात्री नऊनंतर, कूलर बंद ठेवून.
चालू असला की वाळ्याची काडी
ओल्या रंगावर येऊन बसते,
बंद असला की घाम.
शेहेचाळीस डिग्रीत रंग ब्रशवरच वाळतो;
थिनरचे दोन थेंब जास्त टाकायला शिकले.
दात कोरायच्या सुईने इंजिनाचं तोंड कोरलं,
पोटाच्या जोडावरची भेग मेणाच्या चाकूने बुजवली,
चाकांची दारं उलटी लावली,
उखडली,
परत लावली.

कागदावर छापलं होतं: गडद हिरवा, मातकट, खाली फिका करडा.
काका फोनवर हसले.
"हिरवा म्हंजे संत्र्याच्या झाडाचं जुनं पान.
वरून नाही, खालून. त्यावर जराशी धूळ.
आन पोटाचा रंग सोनेगावचं आभाळ,
मे मधलं, सकाळी अकराचं.
निळं नाही ते. पांढरंबी नाही."
अकरा वाजता मी गच्चीवर, डोळे मिचकावत,
बाटलीच्या झाकणात पांढरा, त्यात शाईचा ठिपका.
झाकण वर धरायचं, बघायचं, पुसून टाकायचं.
तिसऱ्या दिवशी
आभाळात झाकणातला रंग सापडेना.

जूनमध्ये जयताळ्याला त्यांच्या घरी नेलं.
डोक्यावरून खरं विमान उतरत होतं,
कपाटाच्या काचा थरथरल्या.
त्यांनी मान वर केली नाही.
अंगठा नाकापासून शेपटीपर्यंत फिरवला,
जिभेने माणूस नवा दात तपासतो तसा.
डाव्या पंखावर थांबला.
"इथं ठिगळ नाही लावलं."

कुठलं ठिगळ?

"मी लावलेलं. वहीत लिवलं, सही केली.
खाली त्यानं सही केली, आन गेला.
पाऊण तास मी पाना धरून उभा होतो,
कुठल्याच नटाचा नाही, नुसता पाना."
मी श्वास रोखला.
"मंग काय. आला ना परत.
उतरला, चहा मागितला, म्हणाला,
हे ठिगळ कोणी मारलं रे, फार छान टिकलं.
वहीत नाव होतं. वाचलं नव्हतं त्यानं."
तुम्ही काय सांगितलं?
"सांगतो काय. इचारलं, साखर किती?"

घरी येऊन फॉइलचा तुकडा कापला, तांदळाएवढा,
सुईच्या टोकाने सहा रिबिटी उमटवल्या.
हिरव्याची बाटली संपली होती,
नवीन मिश्रण जरा उजळ झालं.
तसंच ठेवलं. ठिगळ दिसायलाच हवं.

खोक्यात पायलटही होता, नखाएवढा, हात मांडीवर.
याला बसवू का?
"राहू दे व. चहा पिऊन राहिला तो."

पैशांवरून थोडी हुज्जत झाली.
मग मी लॅबची चिठ्ठी फाडली, नेहमीचीच:
नाव, उमाठे. काम, डावा पंख, दुरुस्ती.
सही केली.
त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं,
माझ्या सहीच्या खाली.
काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही.