बिनलेबलचा डबा

हलमध्ये, हेसल रोडवरच्या चर्चच्या हॉलात
दर गुरुवारी मी दानाचे डबे लावते, तारखा बघून.
बीन्स एका टेबलावर, सूप दुसऱ्या,
खिडकीखालची अख्खी फळी अननसाची.

लोक अननस फार देतात.
का, ते कळायला मला एक हिवाळा लागला:
नाताळासाठी घेतलेला, पाहुणेच न आलेला,
कपाटात मागे मागे सरकत गेलेला डबा
मार्चमध्ये सापडतो,
आणि मग देव आठवतो.

चकत्या पाकातल्या, चकत्या रसातल्या,
फोडी, त्याहून बारीक फोडी,
केकात घालायचा चुरा.
स्वस्तातल्या डब्याला पांढरं लेबल, वर नुसतं नाव,
चित्राचेसुद्धा पैसे वाचवलेले.
महागावर अननस तुऱ्यासकट उभा,
जसा आत कधीच नसतो.

डबा फिरवून मी बारीक अक्षर वाचते,
पत्रिका बघावी तशी.
जन्मस्थळ थायलंड. जन्मस्थळ केनिया.
फिलिपिन्स. इंडोनेशिया. परत थायलंड.
माझं बांदा. वही सांभाळणारी पोलीन त्याचं पांडा करते.

बांद्याला आमचा अननस कुंपणाला होता,
काजूच्या कडेने,
गुरं अडवायला आणि आमच्या पोटऱ्या ओरबाडायला.
तिरक्या रेघेत डोळे काढायचे,
मीठ चोळायचं,
तरी जीभ सोलून निघायचीच.
डब्यातला सोलत नाही.
त्याचा राग कारखान्यातच उकळून काढतात,
मग आतून कल्हई केलेल्या पत्र्यात
तो तीन-तीन वर्षं गप्प बसतो.
मी यावर जास्त बोलत नाही.

त्या दिवशी खोक्याच्या तळाशी निघाला
एक उघडाबोडका डबा. गोंदाचा पिवळा डाग तेवढा.
नियम असा की लेबल नाही तर कचऱ्यात,
कुणाला काय सोसत नाही, सांगता येत नाही.
मी हात मागे नेला होता,
तो क्लिफर्ड ऑक्स्टबींनी धरला.

वय चौऱ्याऐंशी, कोटाची सगळी बटणं लावलेली.
डबा कानाशी नेला,
आमच्याकडे नारळ घेताना नेतात तसा,
डोळे मिटून दोनदा हलवला.
“अननस. चकत्या. पाकातल्या.”

कशावरून?

“फोडी आदळतात, सगळ्या एकेकट्या.
चकत्या मिळून सरकतात,
झोपेत कूस बदलल्यासारख्या.”

मग खुर्ची ओढून बसले.
किंग जॉर्ज डॉकवर सिंगापूरच्या पेट्या यायच्या.
आठवड्याला एखादी हातातून निसटायची.
निसटायचीच, ते म्हणाले, हात ओले असायचे.
चेपलेला डबा कुणाचा?
ज्याच्या खिशात मावला त्याचा.
गेटच्या आधी लेबल फाडायचं, पुरावा नको.
मग घरी डोरीन विचारणार, यात काय?
रविवारच्या कस्टर्डवर काय पडणार
ते तिला शनिवारीच कळायला हवं असायचं.
म्हणून शिकलो ऐकायला, ते म्हणाले.
एकतीस वर्षं. चुकलो दोनदा.
एकदा तर बुटाचं पॉलिश होतं.

पोलीन चहाला गेली होती.
मी डबा त्यांच्या पिशवीत पावाखाली सरकवला,
वहीत लिहिलं: अननस, एक.

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा पाऊस बाजूने येत होता.
टोपी झटकली, रांगेत उभे राहिले,
फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.
त्यांची पाळी आल्यावर मीच विचारलं,
काय निघालं?

“मटार,” ते म्हणाले.
थोड्या वेळाने,
“आणि कस्टर्ड आधीच करून ठेवलेलं.”