ठसे

आयडाहोतलं आमचं काउंटी ऑफिस, मंगळवार दुपार.
व्हर्लिन स्ट्राउड बोटं पुढे करतो.
मी एकेक बोट शाईवर लोळवते, मग कार्डावर.
उमटतो नुसता काळा डाग.
पस्तीस वर्षं लेथवर काढली, म्हणतो,
रेषा गेल्या तिकडेच, लोखंडाच्या किसाबरोबर.

"कशासाठी?" विचारायची गरज नसते, तरी विचारते.
"रायफलीला सायलेन्सर. घरीच करणार.
कुत्री दचकते माझी."

फॉर्म त्यानं मोठ्या अक्षरांत भरलाय:
लांबी इंचात, नंबर स्वतःच ठरवलेला
(बायकोची जन्मतारीख),
दोनशे डॉलर कर.
मंजुरी येईपर्यंत नळीवर ओरखडाही काढायचा नाही,
हे तो मलाच बजावतो,
जणू उद्या पहाटे करवत घेऊन मीच बसणार आहे.

तिसऱ्या कार्डावर करंगळी थोडी उमटली,
लिंबाच्या चकतीसारखी.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

मार्चमध्ये किराणा दुकानात भेटला.
खिशातून स्टॅम्प लावलेला कागद काढून दाखवला.
"झालं का मग करून?"
त्यानं कान पुढे केला.
मी पुन्हा विचारलं, इतक्या जोरात
की अंडी निवडणारी बाई वळून बघायला लागली.

"नाही. कुत्री गेली जानेवारीत.
नळी आहे तशीच, फळीवर."

मग कागदाची घडी घातली, जुन्याच रेघांवर,
शर्टाच्या खिशात ठेवली
आणि त्या गुळगुळीत बोटांनी
बराच वेळ बटण लावत उभा राहिला.