डावा पीळ

दिवसा काहीच सापडायचं नाही.
खल्फानची पिकअप तीनदा आली, तीनदा गेली.
पलीकडच्या गॅरेजात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या,
अल्टरनेटर तपासला, चौदा पॉइंट दोन व्होल्ट, ठणठणीत.
सोहारच्या सनैयात दुपारी पत्र्यावर पाना विसरलात
तर उचलताना बोटाची कातडी मागे राहते.
असल्या उन्हात वीज गळणार कुठून?

खल्फान म्हणाला, जिन्न आहे.
रात्री येतो, बॅटरी पितो,
फजरला किल्ली फिरवली की नुसतं टक. टक.
आणि मासे काय माझी वाट बघत थांबतात?
मी म्हटलं, चावी ठेवून जा. भेटतो त्याला.

इशा झाली. शेजारचा डेंटर शटर ओढून गेला.
निगेटिव्ह सोडवली, मधे मीटर जोडला,
बंपरपाशी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसलो.
अठरा मिलिअँपिअर. तेवढं घड्याळच खातं.
साडेदहाला वारा समुद्राकडून वळला, काचा घामेजल्या,
मडगार्डवर बोट फिरवलं तर ओळ उमटली.
आकडा हलला.
चाळीस. नव्वद.
बाराला तीनशे दहा.

म्हणजे जिन्न दवाचा होता.

एकेक फ्यूज उपसला. हॉर्न, वायपर, रेडिओ,
हीटर, जो या गाडीत कधी लागलाच नसेल.
आकडा ढिम्म.
कुणीतरी फ्यूजबॉक्सला वळसा घालून
थेट बॅटरीवरून तार पळवलेली.
कोण गाढव तो, मी मोठ्याने म्हणालो,
आणि टॉर्च दातांत धरून गाडीखाली सरकलो.

लाल तार. चॅसिसच्या कडेकडेने,
पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय आरपार,
मागच्या दिव्याकडे,
रात्री जाळं ओढताना वाळूवर उजेड पाडतो त्या.
भोकापाशी साल गेलेली, तांबं हिरवं,
वर सतरा वर्षांचं मीठ आणि माशांचं पाणी.
दव पडलं की त्या मिठाला जीभ फुटायची.
हर्णैच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

मग सांधा दिसला.
टेप उलटी गुंडाळलेली.
पीळही डावा.

या गल्लीत डावा पीळ देणारा एकच पोरगा होता.
बुरोंडकर उस्ताद त्याला नावाने कधी हाक मारायचे नाहीत,
डावऱ्याच म्हणायचे.
"तुझा सांधा सोडवणारा तुला शिव्या घालील बघ."
साठ रियाल पगार, त्यातून व्हिसाचे पैसे फेडायचे,
आणि त्या दिवशी घाई कसली होती?
आठवत नाही. खरंच आठवत नाही.
गुरुवार असेल.
फोनकार्ड संपायच्या आत घरी बोलायचं असेल.
रबर दहा पावलांवर होतं, बिस्किटांच्या डब्यात.

पाठीखाली पुठ्ठा, छातीवर गाडी,
मी बराच वेळ त्या सांध्याकडे बघत पडून राहिलो.
वाईट नव्हता तसा. घट्ट होता.
उस्तादांना दाखवला असता
तर आधी विचारलं असतं, रबर कुठाय?
ते बुरोंडीला असतात. फोनवर आता ऐकू येत नाही त्यांना.

नवी तार ओढली. रिले, पंधराचा फ्यूज, भोकाला रबर.
पीळ मात्र डावाच. हाताला दुसरा येत नाही.
तीन वाजता अठरा. चारला अठरा.
काचेवरून दव ओघळत होतं आणि आकडा जागचा हलत नव्हता.

खल्फानने किल्ली फिरवली, एका दमात उठली.
"कम?" म्हणत त्याने खिशात हात घातला.
मी म्हटलं, वॉरंटीत आहे.
कसली वॉरंटी? कुणाची?
मी तो हिरवा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.
त्याने नाकाशी नेला, म्हणाला, मासा,
आणि तुकडा परत देऊन निघून गेला.

संध्याकाळी स्टुलावर ओल्या कागदात दोन सुरमया.
एकीच्या जबड्यात गळ तसाच.
काढायचा राहिला असेल.
घाई असेल.