टांगणी

वाल्पाराइसोच्या टेकडीवर माझी नोकरी.
एक डबा वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो,
मी दांडा धरून बसतो.
जीव टांगणीला लागणं
माझ्यासाठी वाक्प्रचार नाही, पगार आहे.

आज अकरावा दिवस.
सकाळी घसा खवखवला.
मानेवर बोटं फिरवून गाठी शोधल्या,
इतक्या दाबल्या की दुखायला लागल्या,
मग म्हटलं, बघ, दुखतायत.

त्या रात्री यास्ना झोपल्यावर
मी न्हाणीत गेलो, कंडोम नळाखाली धरला,
पाण्यानं फुगवला, दिव्यासमोर उचलला.
थेंबसुद्धा गळला नाही.
एक्केचाळीस वर्षांचा माणूस
मध्यरात्री रबराची पिशवी न्याहाळत उभा
आणि भिंतीपलीकडे तिचं निवांत घोरणं.

दवाखान्यात नर्स मारित्सा विचारते,
फाटला? नाही. निसटला? नाही.
सुरुवातीपासून होता? होता.
"मग एवढं काय घेऊन बसलास, एलिसेओ?
मन खातच असेल तर पंचेचाळीस दिवसांनी ये,
रक्त तपासू. पण भीती नक्की कशाची?"

मी टोपीची कड चुरगाळत राहिलो.
एका कपाची, हे कसं सांगणार?

निळा कप, काठावर टवका उडालेला.
त्र्याण्णव साली आउरेलियो इस्पितळातून घरी आला
तेव्हा आईनं तो त्याच्यासाठी वेगळा काढला.
उकळत्या पाण्यात बुडवायची, चिमट्यानं उचलायची.
मी बारा वर्षांचा.
एकदा त्यानं अर्धा चहा माझ्यापुढे सरकवला,
"घे, मला फार गोड झालाय."
मी म्हटलं, तहान नाही.
तो हसला. कप परत ओढून घेतला.
तेवढंच.
जून संपायच्या आत दादा गेला.

कपातून काही होत नाही, हे पुढे कळलं.
कळूनही तो कधी वापरला नाही.
फेकलाही नाही.

सेहेचाळिसाव्या दिवशी कागद हाती आला : निगेटिव्ह.
तसाच मासळीबाजारात गेलो.
यास्ना मेर्लुसा साफ करत होती,
कोपरापर्यंत खवले.
"दीड महिना गायब," मान वर न करता म्हणाली.
मी कागद पुढे केला.
तिनं हात एप्रनला पुसले, वाचला,
ओल्या अंगठ्याच्या ठशासकट परत दिला.
"माझा मार्चमधला कपाटात आहे.
विचारलं असतंस तर दाखवला असता."
आणि सुरी पुन्हा माशाच्या पोटात.

मला वाटलं होतं, सुटल्यावर हलकं वाटेल.

संध्याकाळी कप कामावर घेऊन आलो.
थंड पाण्यानं विसळला, साध्या हातांनी.
चहा ओतला, साखर तीन चमचे.
टवक्याच्या बाजूनंच ओठ लावले.
गोड झाला होता, खरंच फार.

अर्ध्यावर घंटा वाजली.
खाली कुणीतरी ताटकळलंय.
मी कप खिडकीत ठेवला
आणि दांडा ओढला.