मॅचिंग

कोलॅसोबाई माहीमहून दादरला आल्या,
पर्समधून औषधाची पुडी काढली.
आत चिमूटभर केस, त्यांच्या पर्शियन मांजरीचे.
"घरात घालायचा गाऊन शिवायचाय.
ह्यावर हे दिसता कामा नयेत."

एकोणीस वर्षं मी ह्या काउंटरमागे.
आमसुली कुठला, वांगी कुठला,
ट्यूबलाइट गेली तरी सांगतो.
राखीचे सात तागे काढले,
मग कोळशी, मग शिसवी.
टोकाशी जुळायचं, मुळाशी हुकायचं.

बाईंनी हळूच फुंकर घातली.
वरचा काळा धूर बाजूला झाला,
खाली ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं.
"कागदावर हिचा रंग स्मोक.
बहीण कासवाच्या पाठीसारखी कबरी,
भाऊ निळा. म्हणजे करडाच हो,
पण त्यांच्यात निळा म्हणतात."
मी म्हटलं, रामा ग्रीनलासुद्धा
गिऱ्हाइकं निळाच म्हणतात.

शेवटी तीन मीटर करडं नेलं, कुरकुरत.

दिवाळीनंतर पुन्हा आल्या. पुडी नव्हती.
"आता असं द्या, ज्यावर
एकूण एक केस दिसेल. उशीला हवंय."
मी काही विचारलं नाही.
काळ्यावर मूळ दिसेल,
पांढऱ्यावर टोक.
कात्री हातात घेऊन नुसताच उभा.
"दोन्ही द्या," म्हणाल्या, "एकेक मीटर."

रात्री शर्ट काढताना बाहीवर एक सापडला.
बल्बखाली धरला, फिरवला, पुन्हा धरला.
बायको म्हणाली, काय बघताय एवढं?
म्हटलं, शेड.